टाकं भरणारे चाचा

इतका स्वच्छ माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मागे इतकी घाण ठेवून गेलेलाही दुसरा पाहिला नाही.

आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. नात्याचे नव्हते, पण आखातात आपल्याकडचा कोणीही वयस्क माणूस दिसला की त्याला चाचा नाहीतर मामू म्हणायचं, अशी रीत होती. माणूस त्या मानाला लायक आहे का, हे कोणी तपासत नसे. चाचा कुलाबा जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावचे. घराच्या मागे नदी, पुढे विहीर, आणि मधल्या वाडीत पाटाचं पाणी खेळतंय, असं वर्णन ते कोणी विचारलं नाही तरी करत. पुढे जहाजावर बटलरच्या हाताखाली बरीच वर्षं काढली आणि मग दुबईला उतरले. म्हणजे जन्मापासून त्यांनी पाणी आटलेलं पाहिलेलंच नव्हतं. तो काही गुन्हा नाही. पण आपण जे पाहिलं नाही ते जगात नाहीच, असं मानून वयाची पन्नाशी गाठायची, याला मात्र अंगात वेगळीच मग्रुरी लागते.

त्यांची मग्रुरी कपड्यांत दिसायची. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, पांढरी टोपी. नीळ अशी घातलेली की उन्हात बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. खळ इतकी कडक की ते खाली बसले की कपड्यांचा आवाज व्हायचा. पाण्याबद्दल त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पाणी मोजणाऱ्याचं मन कोतं." कोणी हात राखून पाणी वापरताना दिसला की हे वाक्य त्याच्या अंगावर यायचंच. मी मूळचा दापोलीकडच्या कातळसड्यावरचा. आमच्याकडे चैत्र लागला की विहिरीच्या तळाशी बसून बायका करवंटीनं पाणी ओढतात. माझी आई एक कळशी भरायला अर्धी सकाळ घालवायची. ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आईचं कोतं मन आठवलं, आणि चाचांची आणि माझी दोस्ती होणार नाही, हे तिथेच ठरलं.

ही साठच्या दशकातली गोष्ट. तेव्हा अमिराती एक झालेल्या नव्हत्या. प्रत्येक शेखचं राज्य वेगळं होतं, आणि रस्ते म्हणजे वाळूत उमटलेल्या चाकांच्या खुणा. डोंगरांचे नकाशे करणाऱ्या एका कंपनीत मी कामाला होतो. इंग्रज साहेब दुर्बीण लावायचा, मी समोरच्या टेकाडावर पट्टी धरून उभा राहायचो. शिखरांवर दगड-सिमेंटचे खांब उभे करायचे, हेही आमचंच काम. चाचा आमचे कॅम्प बॉस. रेशन, स्वयंपाक आणि पाणी त्यांच्या ताब्यात. ज्या माणसाला पाण्याच्या आसपास फिरकू द्यायला नको होतं, त्याच्याच हाती कंपनीनं पाणी सोपवलं होतं. मुलाखतीला ते पांढऱ्याशुभ्र कपड्यांत गेले होते. साहेबाला एवढं पुरलं.

त्या वर्षी आमचा मुक्काम रास अल खैमाच्या मागच्या डोंगरात, अगदी वर पडला. खाली उकाड्यानं जीव जायचा, वर मात्र पहाटे गोधडी लागायची. तिथे डोंगरी लोकांच्या दगडी झोपड्या होत्या. अर्ध्या जमिनीत गेलेल्या, जाड भिंतींच्या, आत शिरताना कमरेत वाकायला लावणाऱ्या. हे लोक हिवाळाभर वर राहून पावसावर गहू-जव करायचे आणि उन्हाळ्यात खजुराच्या हंगामाला खाली किनाऱ्यावर उतरायचे. अशीच एक रिकामी झोपडी सईद नावाच्या माणसानं आम्हाला राहायला दिली. झोपडीच्या खालच्या अंगाला एक दगडी टाकं होतं, वर लाकडी झाकण. मागचा सगळा खडकाळ उतार त्या टाक्याकडे वळवलेला होता. दगड रचून बारीक पाट काढलेले, म्हणजे हिवाळ्यात पडणारा थेंब न थेंब त्यात उतरावा. आपल्या गडांवर टाकी असतात, तसंच.

सईद खाली जाण्याआधी आम्हाला सगळं दाखवून गेला. तो दुबईच्या बंदरात काम करून आलेला, मोडकंतोडकं हिंदुस्तानी बोलायचा. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: टाक्यातलं पाणी प्या, त्याला ना नाही. धुण्या-न्हाण्याचं पाणी खालच्या विहिरीवरून गाढवांवर आणा. आणि या उतारावर काही धुऊ नका, सांडू नका, जनावर बांधू नका. थंडी सुरू झाली की आम्ही वर येतो, आणि पहिला पाऊस पडेपर्यंत म्हातारी आई, बायको-मुलं आणि शेळ्या याच पाण्यावर राहतात. चाचांनी छातीवर हात ठेवून मान डोलावली. इन्शाल्ला म्हणाले. सईद वळणाआड गेला आणि चाचा माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? डोंगराएवढा माणूस, आणि जीव डबक्यात."

विहीर खाली दरीच्या तोंडाशी होती. गाढवं सकाळी निघायची ती उन्हं चढल्यावर परत यायची. दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, चढावर हिंदकळून थोडं सांडायचंच. बाकी सगळ्यांना हे पाणी कसं येतं ते दिसत होतं, म्हणून आपोआप शिस्त लागली होती. आमच्यात एक बलुची मजूर होता, खांब बांधणारा. तो भाजी धुतलेलं पाणी बाजूला ठेवायचा, त्यात भांडी विसळायचा आणि उरलेलं गाढवांपुढे ठेवायचा. साहेब एका मगमध्ये दाढी उरकायचा आणि त्याच पाण्यात रुमाल बुडवून मान पुसायचा. मी बिनआंघोळीचा राहायला शिकलो. ओल्या फडक्यानं अंग पुसलं की काम भागायचं. डोंगरावर कोणाला माझा वास येणार होता?

चाचांची सकाळ मात्र नदीकाठी असल्यासारखी सुरू व्हायची. तांब्याभर पाणी तर नुसत्या खळखळून भरायच्या चुळांना. तो आवाज समोरच्या कड्यावर आपटून परत यायचा. मग हातपाय. झोपडीत शिरताना दर खेपेला पाय धुतले पाहिजेत, आणि ते गुडघ्यापर्यंत. तांदूळ धुताना पाणी काचेसारखं दिसेपर्यंत पाण्यावर पाणी. चहाचे पेले चहाच्या आधी धुवायचे आणि नंतरही. कोणी अर्धा पेला पाणी पिऊन खाली ठेवला तर ते उचलून दारातून भिरकावून द्यायचे. उष्टं ठेवायचं नाही. पेल्याचा मालक घोट घेऊन नुसता श्वास घ्यायला थांबलेला असला तरीही.

मी एकदा, शक्य तितक्या अदबीनं, त्यांना म्हणालो की चाचा, गाढवं दमतात. ते हसले. म्हणाले, "गाढव दमण्यासाठीच असतं." बलुच्याच्या भाजीच्या पाण्याला ते भिकारडेपणा म्हणत. साहेबाची तर त्यांना कीव यायची. मला एकदा हळूच म्हणाले, "अर्ध्या दुनियेवर राज्य केलं यांनी, आणि तोंड बघ कसं धुतात."

वर आपण दिलदार आहोत असा त्यांचा ठाम समज. वाटसरू आला की त्याच्या हातावर धो धो पाणी ओतायचे. तो बिचारा बस बस म्हणत हात मागे घ्यायचा, हे ओततच राहायचे, आणि ते खडकावर पडून वाहून गेलं की आमच्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू शिका काहीतरी. दुसऱ्याचं पाणी, दुसऱ्याच्या गाढवांनी आणलेलं, तिसऱ्याच्या हातावर ओतून स्वतः दाता व्हायचं, ही कला मी तिथे पहिल्यांदा पाहिली. पुढे आखातात तिचे बरेच उस्ताद भेटले.

मग कंपनीचा कोणी वरचा अधिकारी काम बघायला येणार असल्याचा निरोप आला. साहेब नकाशे पूर्ण करण्याच्या मागे लागला. चाचांनी कॅम्प धुवायला काढला.

मी आणि बलुची दिवसभर वरच्या शिखरावर खांबाच्या कामात होतो. उन्हं उतरताना खाली येऊ लागलो आणि वळणावरूनच उतार दिसला. सगळा पांढरा झाला होता. चादरी, उशांचे अभ्रे, सतरंज्या, तंबूचे पडदे, चाचांचे सगळे लेंगे-सदरे त्या खडकांवर वाळत होते. जवळ आलो तर खडकांच्या खाचांत निळं पाणी साचलेलं. सईदनं रचलेल्या त्या बारीक पाटांतून साबणाचा फेस अजून हळूहळू खाली सरकत होता. पाणी टाक्यातूनच उपसलं होतं. झाकण बाजूला पडलेलं, दोर लावलेली बालदी काठावर. वरच्या खडकावर धुवायचं आणि धुतलेलं पाणी परत त्याच टाक्यात. मी वाकून आत पाहिलं. पाणी निम्म्याहून खाली गेलं होतं, आणि जे होतं त्यावर फेसाची साय धरली होती.

चाचा सावलीत बसून विडी ओढत होते. मी विचारलं, हे काय केलंत? त्यांना खरंच कळलं नाही. त्यांना वाटलं मी माझी चादर शोधतोय. पाटांकडे बोट दाखवल्यावर म्हणाले की डोंगर धुतला तर डोंगराचं काय बिघडतं? पाऊस पडला की साफ होईल. मी साहेबाकडे गेलो. साहेबानं नकाशावरून मान वर न करता सांगितलं की कॅम्प चाचांच्या अखत्यारीत आहे. दोन दिवसांनी अधिकारी आला, स्वच्छ कॅम्प पाहून खूश झाला आणि चाचांशी हात मिळवून गेला. तो ज्या पाण्याचा चहा प्यायला, ते विहिरीवरचं होतं. चाचांनी खास आणवलं होतं. टाक्यातल्या पाण्याचा चहा करू नये, एवढं त्यांना कळत होतं.

सईद त्या वर्षी नेहमीपेक्षा लवकर वर आला. खाली तापाची साथ होती, म्हणून म्हातारीला घेऊन निघाला होता. पुढे शेळ्या, मागे बायको-मुलं, गाढवावर आई. सगळी दिवसभर चढून आलेली. पोरानं टाक्याशेजारच्या दगडी डोणीत पाणी ओतलं. शेळ्या धावल्या, तोंड लावलं आणि मागे सरल्या. एक परत पुढे आली, हुंगली, शिंकली. सईदनं ओंजळीत पाणी घेतलं, नाकाशी नेलं. मग त्यानं वर उताराकडे बघितलं. खडकाच्या खाचांत नीळ वाळून बसली होती.

तो ओरडला नाही. झोपडीत जाऊन चाचांचा पेला घेऊन आला, तो दोनदा धुतला जाणारा चकचकीत पेला. टाक्यातून भरला आणि चाचांच्या समोर धरला.

"पियो."

चाचा मागे सरकले. म्हणाले की यात साबण आहे.

"माझी आई काय पिणार?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, जणू याचं उत्तर द्यायचं काम माझ्या पगारात धरलेलं आहे.  गाढवावरून उतरलेली म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. बलुच्यानं आपल्या पखालीतलं पाणी नेऊन तिला पाजलं. सईदचा हात तसाच पुढे होता. शेवटी त्यानं पेला चाचांच्या पायाशी, त्या गुडघ्यापर्यंत धुतलेल्या पायांशी, रिकामा केला आणि म्हणाला, "खलास. उद्या माझं घर मोकळं करा."

आता इथे दुसऱ्या कोणालाही शरम वाटली असती. चाचांना स्फुरण चढलं. दोन्ही हात पसरून ते म्हणाले की भाई, चिंता करू नकोस, तुझं टाकं आम्ही काठोकाठ भरून देऊ, हा आमचा शब्द. एखाद्या गरिबाला बक्षिसी जाहीर करावी, तसा आवाज लागला होता.

भरायचं तर आधी उपसायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी झोपडी सोडून आम्ही तंबूत गेलो, आणि मी आणि बलुची टाक्यात उतरलो, साबणाचं पाणी बालद्यांनी बाहेर काढलं, भिंती घासल्या. चाचा काठावर छत्री धरून उभे राहून, कोपरा राहिला, डावीकडे अजून फेस आहे, असं सांगत होते. एका गोष्टीची मात्र नोंद घेतली पाहिजे. उपसलेलं पाणी आम्ही दरीत टाकायला निघालो तेव्हा त्यांनी अडवलं. फुकट का घालवता, म्हणाले, आणि त्या पाण्यानं झोपडीची जमीन धुवून घेतली. पाणी वाचवण्याचा त्यांचा मी पाहिलेला हा पहिला आणि शेवटचा प्रयत्न. जमीन मातीची होती. तिचा चिखल झाला, आणि सईदच्या बायकोनं त्या दिवशी मुलांना बाहेर खडकावर निजवलं.

मग गाढवांच्या खेपा सुरू झाल्या. एवढं मोठं टाकं, आणि डब्यांनी आणलेलं पाणी. ओतलं की तळाच्या कोरड्या दगडाला नुसती ओल यायची. चाचा पहिल्या दिवशी स्वतः गाढवांबरोबर खाली गेले. परत आले ते लेंग्याला लागलेल्या धुळीबद्दल बोलत, आणि आल्या आल्या आणलेल्या पाण्यातून पाय धुतले. सईदची बायको ते बघत उभी होती. ती सासूला काहीतरी म्हणाली. मला त्यांचं अरबी येत नव्हतं, पण काही शिव्या कळायला भाषा लागत नाही.

पाणी घोट्यापर्यंत आलं असेल नसेल, तोच साहेबानं खेपा बंद केल्या. गाढवं कामाला हवी होती, पुढचं शिखर वाट बघत होतं. आम्ही मुक्काम हलवला. सईद निरोप द्यायला आला नाही. चाचा मात्र जाताना त्याच्या दाराशी थांबून, झाडलेल्या अंगणाकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, मिळाली त्यापेक्षा साफ जागा देऊन चाललो."

पुढचं मला सईदकडूनच कळलं. हिवाळा सरत आला होता. रास अल खैमाच्या बाजारात तो शेळ्या घेऊन उभा होता. मी सलाम केला, त्यानं ओळखलं. घोट्याएवढं पाणी किती टिकणार, आणि एका गाढवानं विहिरीवरून शेळ्यांना पुरेल एवढं कसं आणणार? ते लोक परत खाली उतरले, नातेवाइकांच्या खजुराच्या पानांच्या झोपडीत राहिले. म्हातारीला ताप चढला. ती वाचली, पण आता तिला डोंगर चढवत नाही. इतक्यात वर पाऊस पडून गेला. पाट साफ करायला कोणी नव्हतं, पाणी भलतीकडेच वाहून गेलं. पेरणी चुकली. शेळ्या पोसणार कशावर, म्हणून विकायला काढल्या होत्या. हे सगळं त्यानं बाजारभाव सांगावा तसं सांगितलं. मी उठलो तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "तुमचा तो पांढरा माणूस अजून धुतोय का?"

धूत होता. चाचा कंपनी सोडून दुबईतल्या बर दुबई भागात स्थिरावले होते. गावाकडून नवीन येणाऱ्या पोरांना खोल्या बघून द्यायचे, नोकऱ्या लावून द्यायचे, आणि त्या बदल्यात शुक्रवारी त्यांच्या खोलीवर बसून त्यांचं ऐकावं लागायचं. असाच एका शुक्रवारी नमाजानंतर मी एका नातेवाइकाबरोबर तिथे गेलो. बिर्याणी झाली होती, पोरं भिंतीला टेकून बसली होती आणि चाचा डोंगराची गोष्ट सांगत होते.

तहानेनं व्याकूळ झालेली माणसं. शेळ्या जिभा बाहेर काढून पडलेल्या. एक म्हातारी गाढवावर, ओठ सुकलेले. टाकं कोरडं ठणठणीत. आणि चाचा, ज्यांना ते बघवलं नाही, ज्यांनी इंग्रज साहेबाशी भांडून गाढवं काढली, स्वतः दरीत उतरले आणि टाकं काठोकाठ भरून दिलं. म्हातारीनं डोक्यावर हात ठेवून दुवा दिली. "पाणी पाजण्यासारखं पुण्य नाही, बाळांनो," असं म्हणून त्यांनी डोळे टिपले. मी नीट बघितलं. खोटं नव्हतं. डोळ्यांत खरंच पाणी होतं. पोरांतल्या एकानं तर त्यांचा हात उचलून डोळ्यांना लावला.

मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. किंचितही न चाचरता ते म्हणाले, "हा होता की तिथे. विचारा याला, टाकं भरलं की नाही?"

सगळे माझ्याकडे वळले.

"भरलं," मी म्हणालो. "घोट्यापर्यंत. पण चाचा, ते रिकामंही तुम्हीच केलं होतंत. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात तुम्ही चादरी धुतल्या होत्यात."

 माझ्या नातेवाइकानं माझं कोपर दाबलं. ज्या पोरानं हात डोळ्यांना लावला होता ते माझ्याकडे असं बघत होतं, जणू मी मशिदीत चपला घालून शिरलोय. चाचा रागावले नाहीत. उलट समजूतदारपणे हसले, एखाद्या मंदबुद्धीच्या पुतण्याकडे बघून हसावं तसे.

"अरे बाबा," ते म्हणाले, "रिकामं झालं नसतं, तर भरलं कशात असतं?"

पोरं खदखदून हसली. काय बोललात चाचा, असं कोणीतरी म्हणालं, आणि चाचांनी सगळ्यांसाठी सरबत मागवलं. त्या खोलीत कोणाला शेळ्या विकाव्या लागल्या नव्हत्या.